घर आपले, वाट कोणाची?

कोकणातील बंद घरे हा आता कथा-कादंबऱ्यांचा विषय राहिलेला नाही. राजापूर, लांजा, संगमेश्वर या तालुक्यांतील कोणत्याही वाडीतून चालत जावे, तर दर दोन-चार घरांआड एका दाराला कुलूप दिसते. मालक मुंबईत किंवा पुण्यात, मुले त्याहून दूर. गणपतीत आणि मे महिन्यात ही घरे जागी होतात आणि उरलेले दिवस शेजाऱ्याच्या भरवशावर काढतात. आमचे वडिलार्जित घरही त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी मे महिन्यात सगळे भाऊ एकत्र जमले असता असे ठरले की, आता अंगणात आणि मागच्या पडवीत कॅमेरे बसवावेत. तालुक्याच्या गावाहून एक तरुण कारागीर आला. हात सफाईदार, वागणे आदबशीर. दोन तासांत चार कॅमेरे भिंतींवर चढले, माजघरात त्यांची नोंद ठेवणारी पेटी बसली आणि जोडणी इंटरनेटला लागली.

आता प्रश्न होता, पुण्यात बसून हे चित्र पाहायचे कसे? त्यासाठी ‘पब्लिक आयपी’ लागतो, असे मी कोठेतरी वाचले होते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दूरध्वनी केला, तर तिकडून उत्तर आले की, घरगुती ग्राहकांना तो मिळत नाही. मी कारागिराकडे पाहिले. तो हसला. म्हणाला, “काका, त्याची काही गरज नसते आता.” त्याने माझा मोबाइल घेतला, एक ॲप उतरवले, पेटीच्या पाठीवरचा क्यूआर कोड टिपला आणि मोबाइल माझ्या हाती दिला. अंगणातील तुळशीवृंदावन त्यात दिसत होते. “झालं,” तो म्हणाला. मी विचारले, “अरे, पण आपल्या घराला पत्ताच नाही, तर हे चित्र माझ्यापर्यंत आले कोणत्या वाटेने?” तो म्हणाला, “ते कंपनीच्या सर्व्हरवरून येतं.” कोणत्या कंपनीच्या, या प्रश्नाला मात्र त्याच्याजवळ उत्तर नव्हते. खोक्यावरील नाव अस्सल देशी होते. ॲपच्या अटींची ती लांबलचक इंग्रजी पाने रात्री वाचून काढली, तेव्हा कळले की, हे ॲप चालवणारी संस्था वेगळीच असून तिचा पत्ता चीनमधील आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे शालेय जीवनापासूनच वितुष्ट. तरीही तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना, म्हणून पुढचे काही आठवडे जाणकारांना विचारत, पुस्तके चाळत काढले. जे समजले ते वाचकांसमोर ठेवतो; कारण आज हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, देवस्थाने, प्रसूतिगृहे, सराफांची दुकाने, जेथे म्हणून कॅमेरा लागला आहे तेथे बहुधा हीच वाट वापरात आहे.

मुळात घराला पत्ता का नाही, हे पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांकरूपी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ही व्यवस्था आखली गेली तेव्हा ती संख्या अफाट वाटली असेल. प्रत्यक्षात जागतिक कोठारातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले आणि आशिया खंडाच्या वाट्याचा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला गेला. यातील सर्वांत मोठा वाटा अर्थातच ज्यांनी आधी सुरुवात केली त्या अमेरिकेकडे आहे. भारतात स्वस्त इंटरनेटची लाट आली ती २०१६ नंतर. पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याची जी स्थिती, तीच आपली झाली.

त्यावर तोड निघाली ती वाडीच्या टपालासारखी. समजा, वाडीत पन्नास घरे आहेत आणि सरकारदरबारी पत्ता मात्र एकच आहे. प्रत्येक घरातून बाहेर पत्र जाऊ शकते. पोस्टमन नोंद ठेवतो की, अमक्याने तमक्याला पत्र लिहिले आहे. उत्तर आले की, तो ते नेमके त्याच घरी देतो. पण बाहेरून एखाद्याने आपणहून पत्र धाडले, तर ते कोणत्या घरचे, हे पोस्टमनला कळत नाही आणि तो ते फेकून देतो. आपल्या घरातील राउटर हे काम घरापुरते कित्येक वर्षे करीत आहे. आता इंटरनेट कंपन्याही तेच काम हजारो ग्राहकांसाठी एकगठ्ठा करतात. त्याला ‘कॅरिअर ग्रेड नॅट’ असे भारदस्त नाव आहे आणि त्यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक वेगळा पट्टाही राखून ठेवण्यात आला. आपल्या राउटरच्या पडद्यावर जर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावे की, आपणही त्या वाडीत आहोत.

अशा वाडीतल्या कॅमेऱ्याला बाहेरून हाक मारता येत नाही. पण कॅमेरा बाहेर हाक मारू शकतो! सारी क्लृप्ती येथेच आहे. वीज येताच कॅमेरा निर्मात्याच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि ‘मी येथे आहे’ असे दर काही सेकंदांनी सांगत राहतो, म्हणजे पोस्टमनची नोंद पुसली जात नाही. पुण्यात आपण ॲप उघडले की, आपला मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो आणि दोघे एकाच वेळी एकमेकांना हाक मारतात. दोन्हीकडच्या पोस्टमनला वाटते की, हे आपल्याच घरच्या पत्राचे उत्तर आहे, आणि वाट मोकळी होते. हे जमले तर चित्र थेट येते. पुष्कळदा जमत नाही, विशेषतः एक टोक मोबाइलच्या जाळ्यावर असताना. मग सारे चित्र त्या सर्व्हरमधूनच वाहते. म्हणजे आमच्या अंगणातील दृश्य पुण्यात येण्यापूर्वी एखाद्या परक्या संगणकाच्या पोटातून जाऊन येते, आणि तो संगणक सिंगापुरात आहे, जर्मनीत आहे की हांगचौमध्ये, हे खोक्यावर छापलेले नसते.

मध्यस्थ वाईटच असतो असे नाही. लग्ने मध्यस्थामुळेच जुळतात! पण येथे मध्यस्थाकडे तीन गोष्टी एकाच वेळी जातात. तुमचा कॅमेरा कोठे आहे हे त्याला ठाऊक असते. तो पाहण्याचा अधिकार कोणाला, हे तोच ठरवतो. आणि चित्र कुलूपबंद करून पाठवले जात असेल, तर त्या कुलपाची किल्ली बहुधा त्याच्याकडेच असते. दाराला कुलूप आपण लावायचे आणि किल्ली कुलूप विकणाऱ्या दुकानदाराकडे ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

हा केवळ कल्पनेचा बाऊ नव्हे. २०१९ मध्ये पॉल मॅरापीज या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले की, अनेक स्वस्त चिनी कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘आयलिंक’ या मध्यस्थ प्रणालीत कॅमेऱ्यांचे क्रमांक अंदाजाने ओळखता येतात आणि वाटेतच जोडणी पळवता येते. त्याला इंटरनेटवर अशी वीस लाखांहून अधिक उपकरणे सापडली. ऑगस्ट २०२१ मध्ये मँडियंट या संस्थेने तैवानच्या थ्रूटेक कंपनीच्या ‘कॅले’ या प्रणालीतील असाच दोष जाहीर केला. ती प्रणाली तेव्हा आठ कोटींहून अधिक उपकरणांत होती आणि ती उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांची नावे वेगवेगळी होती. ग्राहकाला खोक्यावरचे नाव ठाऊक असते. आतल्या मध्यस्थाचे नव्हे.

दोष केवळ चिनी मालाचाच आहे, असे समजून स्वस्थ बसणाऱ्यांसाठी आणखी दोन घटना सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाईझ या अमेरिकी कंपनीची सेवा काही काळ बंद पडून पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांच्या मोबाइलवर दुसऱ्यांच्याच घरांची चित्रे झळकली. त्यापूर्वी मे २०२३ मध्ये अमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला होता की, तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रे पाहता येत होती आणि एकाने तर महिला ग्राहकांच्या खोल्यांतील चित्रे पाहिली होती. कंपनीने ५८ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले. हे लोकशाही देशातले. चीनमध्ये तर २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याने तेथील प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर सरकारच्या हेरखात्यास साहाय्य करण्याचे बंधनच घातले आहे. अमेरिकेत अशी गोष्ट चव्हाट्यावर येते, दंड होतो. चीनमध्ये ती चव्हाट्यावर येण्याची सोय नाही. हा फरक लहान नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पब्लिक आयपी घ्यावा आणि थेट कॅमेऱ्याशी बोलावे. पूर्वी हेच करीत. राउटरमध्ये एक खिडकी उघडी ठेवायची आणि बाहेरून त्या खिडकीतून आत पाहायचे. पण त्या खिडकीतून आपण पाहू शकतो, तसे जगही पाहू शकते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीच न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच साह्याने ऑक्टोबरमध्ये डिन या कंपनीवर हल्ला चढवून अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे तासन्‌तास बंद पाडली. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत असा दोष आढळला की, पासवर्ड ठाऊक नसतानाही बाहेरच्याला संपूर्ण ताबा मिळावा. कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केली, हे खरे. पण गावोगावच्या भिंतींवर टांगलेल्या कॅमेऱ्यांत ती बसवायला कोण गेले? कॅमेरा बसवणारा कारागीर पैसे घेऊन गेला की पुन्हा दिसतो तो कॅमेरा बंद पडल्यावरच.

म्हणून मला तर असे वाटू लागले आहे की, घराला पब्लिक आयपी नसणे हे संकट नाही. एका अर्थी ते संरक्षणच आहे. बाहेरचा कोणीही आपणहून आत येऊ शकत नाही. चूक होते ती नंतर, जेव्हा आपण एका क्यूआर कोडसरशी ते संरक्षण एका अनोळखी मध्यस्थाच्या हवाली करतो.

‘आमच्या घरात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न मला वडील भावानेच विचारला. आमच्या अंगणात खरोखरच नारळ आणि वानर यांखेरीज काही नाही. परंतु घर किती दिवस रिकामे असते, ही माहिती स्वतःच चोराच्या उपयोगाची नाही काय? आणि सगळेच कॅमेरे अंगणात नसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्यांची चित्रे चोरून विकली जात असल्याचे उघडकीस आले. उपचारासाठी आलेल्या स्त्रियांची चित्रे! त्या प्रकरणी ज्यांना अटक झाली, त्यांत आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवणाऱ्याला काय म्हणावे, हा वेगळा प्रश्न. पण बसवलेला कॅमेरा बाहेरच्या जगाला कोणत्या वाटेने जोडला आहे, हे त्या रुग्णालयाच्या चालकांनी कधी विचारले असेल, असे वाटत नाही.

शासनाचे या विषयाकडे लक्षच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ मध्ये तत्कालीन माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी संसदेत सांगितले होते की, सरकारी संस्थांतील सुमारे दहा लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असून त्यांची चित्रे परदेशांतील सर्व्हरकडे जाण्यात धोका आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने काही चिनी कंपन्यांच्या नव्या कॅमेऱ्यांना परवानगी नाकारली आणि ब्रिटनने संवेदनशील ठिकाणी ते बसवणे थांबवले. भारताने एप्रिल २०२४ मध्ये नियम केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. त्यांनुसार इंटरनेटला जोडला जाणारा कॅमेरा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याखेरीज विकता येत नाही. आत कोणती चिप आहे, माहिती कुलूपबंद होते की नाही, सॉफ्टवेअरमध्ये चोरवाटा आहेत काय, हे सारे त्यात येते. उद्योजकांनी कुरकुर केली. पण शासन बधले नाही, हे उत्तमच झाले.

तथापि, त्या तारखेपूर्वी विकले गेलेले कॅमेरे भिंतींवर तसेच आहेत. शिवाय कॅमेरा कितीही शुद्ध असला, तरी चित्र ज्या मध्यस्थाकडून येते तो कोण आणि कोठला, हे ग्राहकाला खोक्यावर ठळक अक्षरांत कळले पाहिजे. शेंगदाण्याच्या पुडीवर उत्पादकाचा पत्ता छापणे सक्तीचे असते. मग घराचे अंतरंग ज्याच्या हातून जाते त्याचा पत्ता का नको? दुसरे असे की, निर्मात्याचे खाते न उघडताही कॅमेरा पूर्णपणे वापरता आला पाहिजे. २०२० मध्ये बेल्किन या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘वीमो नेटकॅम’ कॅमेऱ्यांची सेवा थांबवली. कॅमेरे धडधाकट होते. पण कंपनीच्या सर्व्हरखेरीज ते पाहण्याची दुसरी वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे लोकांच्या हाती निव्वळ प्लास्टिक उरले.

आता आमच्या घराचे काय केले ते सांगतो. माझा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याला सारी हकीकत कळवली, तेव्हा तो म्हणाला, “काका, मध्यस्थ लागणारच. फक्त तो आपण निवडू आणि त्याच्या हाती किल्ली देणार नाही.” गणपतीत तो आला, तेव्हा त्याने माजघरात विड्याच्या पेटीएवढा एक छोटा संगणक बसवला. आधी राउटरमध्ये बदल करून कॅमेऱ्यांच्या पेटीचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडला. आता ती पेटी घराबाहेर कोणाशीही बोलू शकत नाही. बोलतो तो फक्त हा छोटा संगणक, आणि तोही ‘वायरगार्ड’ नावाच्या बोगद्यातून. हे सॉफ्टवेअर कोणालाही वाचून तपासता येते आणि मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. बोगद्याची एक किल्ली त्या संगणकात, दुसरी माझ्या मोबाइलमध्ये. तिसऱ्या कोणाकडे नाही.

परंतु दोन्ही टोके वाडीत असल्याने भेटीची एक जागा लागतेच. ती त्याने मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये महिन्याला काही शे रुपये भाड्याने घेतली. त्या जागेला पब्लिक आयपी आहे. आमचे कॅमेरे तेथून जातात. पण कुलूपबंद पेटीतून. पोस्टमनने पेटी वाहावी, ती उघडण्याचे साधन त्याच्याकडे नसावे, इतकाच याचा अर्थ. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी ‘टेलस्केल’ नावाची सेवा आहे. ती याच वायरगार्डवर उभी असून घरगुती वापरासाठी विनामूल्य आहे. तीही परदेशी, कॅनडातील. पण तिच्यातही चित्र उघडण्याची किल्ली उपकरणांतच राहते आणि तिचा समन्वयक सर्व्हर नको असेल, तर त्याला पर्याय म्हणून ‘हेडस्केल’ हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. आपल्या पुण्या-बंगळुरूत इतके अभियंते असताना अशी एखादी साधी, मराठीत सूचना देणारी देशी सेवा का असू नये, हा प्रश्न मी पुतण्यालाही विचारला. त्याने विषय बदलला.

खरा उपाय म्हणजे आयपीव्ही६. त्या पद्धतीत पत्ते इतके आहेत की, प्रत्येक घराच्या प्रत्येक दिव्यालाही स्वतंत्र पत्ता मिळावा. भारत या बाबतीत जगातील अग्रेसर देशांत गणला जातो, ही अभिमानाची गोष्ट. मात्र पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांना ती भाषा येत नाही आणि अनेक ठिकाणी आत येणारी वाट सेवा पुरवणाऱ्याने बंदच ठेवलेली असते. बोगद्यापुरती एक वाट ग्राहकाने मागितल्यावर उघडून मिळाली, तर भाड्याच्या जागेचीही गरज उरणार नाही. दूरसंचार नियामकाने कंपन्यांना एवढे तरी सांगावे.

आमच्या व्यवस्थेतही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. नव्या नियमांची सुटी दुरुस्ती आता पुतण्यालाच दुरून करावी लागते. परसातली फणसाची फांदी पडून फायबर तुटली, तेव्हा चार दिवस सगळेच अंधारात होते आणि अखेर शेजाऱ्यांच्या दूरध्वनीवरूनच घराची खुशाली कळली.

पुण्यात आमच्या सोसायटीतही येत्या महिन्यात सोळा कॅमेऱ्यांचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आहे. तीन निविदा आल्या आहेत आणि तिन्हींत कॅमेऱ्यांची संख्या, रात्री किती लांबचे दिसते आणि किंमत एवढेच लिहिलेले आहे. चित्र कोणत्या सर्व्हरवरून येणार, तो कोणाचा आणि निर्मात्याच्या खात्याखेरीज कॅमेरे चालतात काय, असे दोन प्रश्न मी चिटणीसांकडे लेखी दिले आहेत. त्यांनी ते तिन्ही निविदाकारांना पाठवले. हा मजकूर लिहीपर्यंत एकाचेच उत्तर आले आहे. त्याने किंमत आठशे रुपयांनी कमी केली आहे.